पालकांचे समाधान आणि शाळेची रुजवात



ज्या शिक्षकाच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपले सारे आयुष्य प्राथमिक शाळेत वेचले, आणि आपल्या नावामागे कोणी विशेषणे लावावीत अशी अपेक्षा कधी बाळगली नाही. यास्तव त्यांच्या गुणवर्णनात आपला वेळ न घालविता, ज्या प्रश्नाचा विचार ते अखेरपर्यंत करीत राहिले तोच आज आपणापुढे मांडावा, हे मला अधिक उचित वाटते. तो प्रश्न असा की, आईबाप आपल्या मुलांच्या शाळेविषयी समाधानी केव्हा होतात, आणि झालेले समाधान कितपत भरवशाचे असते?

वरवर पाहता हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. शाळा चांगली असेल तर पालक समाधानी असतील, नसेल तर नसतील, यात विचार करण्याजोगे काय आहे, असे कोणी म्हणेल. परंतु शाळातपासणीच्या निमित्ताने ज्याने गावोगावच्या पालकसभा पाहिल्या आहेत, त्याला पुष्कळदा याच्या नेमके उलट दृश्य दिसते. मनापासून शिकविणाऱ्या शिक्षकाच्या वर्गाबाहेर तक्रार घेऊन उभे असलेले पालक त्याला भेटतात, आणि जेथे मुलांना धड वाचताही येत नाही तेथील पालक हार-नारळ घेऊन स्नेहसंमेलनास येताना दिसतात. अर्थात समाधान आणि गुणवत्ता या दोहोंचा संबंध सरळ नाही. माझे आजचे प्रतिपादन थोडक्यात इतकेच आहे की, पालकाचे खरे समाधान शाळेच्या गुणवत्तेतून आपोआप उद्भवत नाही. त्या गुणवत्तेची रुजवात, म्हणजे पडताळणी, जेव्हा त्याला स्वतःला, स्वतःच्या ज्ञानाच्या आधारे, घालता येते तेव्हाच ते उद्भवते. आणि जेथे अशी रुजवात घालण्याची सोय शाळा ठेवीत नाही, तेथे पालक दिसेल त्या बाह्य चिन्हाला धरून समाधान मानतो किंवा असमाधान व्यक्त करतो.

इंग्रजी अमदानीपूर्वीची आणि तिच्या आरंभकाळातली गावठी शाळा आठवून पाहा. पंतोजींच्या त्या शाळेत इमारत नव्हती, छापील पुस्तके नव्हती, शिक्षा कडक होती, आणि वेतन म्हणजे पालकांकडून मिळणारे थोडे पैसे, धान्य व सणासुदीचा शिधा एवढेच होते. धुळाक्षरे गिरविणे, उजळणी म्हणणे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी तोंडपाठ करणे, मोडी वळण बसविणे आणि पत्राचा मायना शिकणे, एवढ्यात तो अभ्यासक्रम संपत असे. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने तो अत्यंत संकुचित होता, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि दुकानदाराला संध्याकाळी दिवा लावल्यावर आपल्या मुलाला औटकीतला एखादा आकडा विचारता येई, कुळकर्ण्याला मुलाने लिहिलेल्या कागदाचे मोडी वळण डोळ्यांनी तपासता येई. म्हणजे पंतोजी काय शिकवितो याचा पडताळा घेण्याचे साधन पालकाच्या घरातच होते. पंतोजी कामचुकार निघाला तर ते आठवड्याभरात कळे आणि पुढच्या सणाच्या शिध्यात त्याचा परिणाम दिसे.

परंतु हे समाधान कोणाचे होते, हेही त्याच श्वासात विचारले पाहिजे. मुली त्या शाळेत नव्हत्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले नव्हती. बहुसंख्य कुणब्यांची मुले गुरांमागे होती. पालकांचे समाधान या गोष्टीला केवळ ती पालकांची आहे म्हणून पावित्र्य बहाल करणे किती धोक्याचे आहे, याचा दाखला मुंबई इलाख्याच्या दफ्तरातच आहे. 1856 साली धारवाड येथे एका महार विद्यार्थ्याने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून अर्ज केला, आणि त्याला घेतल्यास इतर लोकांना ती शाळा निरुपयोगी होईल या मतलबाचे कारण देऊन मुंबई सरकारने त्याची बाजू घेण्याचे नाकारले. अनेकांच्या समाधानाच्या नावाखाली एकाचा हक्क बुडाला. म्हणून पालकांच्या समाधानाचा विचार करताना पहिली मर्यादा ही आखून ठेवली पाहिजे की, ज्या समाधानासाठी दुसऱ्याच्या मुलाला दाराबाहेर उभे करावे लागते त्याची बूज राखण्यास शाळा बांधलेली नाही. आजही एखाद्या वसतीतली मुले वर्गात आल्यामुळे ‘शाळेचा दर्जा गेला’ असे म्हणणारे पालक भेटतात, तेव्हा धारवाडचा तो कागद मला आठवतो.

जे दाराबाहेर होते त्यांच्या आईबापांची कैफियत सरकारदरबारी मांडली ती जोतीराव फुल्यांनी. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला विचारले की, ज्या रयतेच्या श्रमातून सारा येतो तिच्या शिक्षणावर इतका अल्प खर्च का? प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी सर्वश्रुत आहे. त्याच निवेदनातील दुसरा भाग मात्र तितकासा उद्धृत होत नाही, आणि माझ्या विषयाशी त्याचाच निकटचा संबंध आहे. गरीब शेतकरी मुलाला शाळेतून का काढतो, याचे कारण फुले त्याच्या अज्ञानात शोधीत नाहीत; गुरे राखण्यास व शेतावर हात लागतो म्हणून, शिष्यवृत्तीसारखे उत्तेजन नाही म्हणून, आणि शिक्षक त्याच्यात मिसळणारा नाही म्हणून, अशी व्यवहारातील कारणे ते देतात. शिक्षक शेतकरीवर्गातून आलेले असावेत, ते लोकांत मोकळेपणाने वावरणारे असावेत, आणि अभ्यासात मोडी व बाळबोध वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबर शेतीची प्राथमिक माहिती व आरोग्याचे नियमही असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे जे शिकविले जाते त्याचा काही अंश तरी शेतकऱ्याच्या परिचयाचा असावा, आणि जो शिकवितो त्याच्या ओट्यावर बसून दोन शब्द विचारण्याची त्याला भीती वाटू नये. पालकाच्या समाधानाची याहून अधिक नेमकी व्यवस्था नंतरच्या कित्येक जाडजूड अहवालांतही मला आढळलेली नाही.

पुढे सक्तीचा काळ आला. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली तालुक्यात प्रयोग करून 1906 साली सक्ती सर्व बडोदे संस्थानात लागू केली. नामदार गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाविषयीचे 1911 चे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू छत्रपतींनी 1917 साली करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपयापर्यंत दंड ठेवला. दंडाने पट भरतो, परंतु विश्वास भरत नाही, हे त्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. म्हणूनच शाहू महाराजांनी सक्तीच्या कितीतरी आधीपासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभारली. खेड्यातल्या बापाला परगावच्या शाळेत शिकवितात काय, याआधी आपला मुलगा तेथे जेवतो काय आणि निजतो कोठे, याची काळजी असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली सातारला वसतिगृह सुरू केले, सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली, आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्राला परिचित आहे. निर्धास्तपणा ही समाधानाची पहिली पायरी होय, आणि ती ओलांडल्यावाचून वरची कोणतीही पायरी लागत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे आजही अक्षरशः खरे आहे: सातवीनंतरची शाळा दुसऱ्या गावी असेल, एस. टी. वेळेवर नसेल आणि शाळेतल्या शौचालयाला कडी नसेल, तर तेथील गणिताचे शिक्षक कितीही निष्णात असले तरी ती मुलगी घरी बसते.

केवळ शिक्षणशास्त्राच्या निकषावर उतरलेली योजना पालकांना पटेलच असे नाही, याचे उदाहरण म्हणजे नयी तालीम. 1937 च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या या विचारात हस्तोद्योगातून ज्ञान देण्याची कल्पना मोठी मोलाची होती. परंतु शेतकऱ्याने आणि विणकराने तिच्याकडे संशयाने पाहिले. कारण सूत कातणे त्याच्या घरी होतेच, आणि साहेबाची व वकिलाची मुले ज्या शाळेत जात तेथे टकळी दिसत नव्हती. आपल्या मुलाला मागच्या दाराने आपल्याच जागी परत बसविण्याचा हा बेत आहे, असे त्याला वाटले. तो संशय योजनेवर अन्याय करणारा असेल. पण ज्याने आयुष्यभर दुय्यम वागणूक सोसली त्याच्या मनात तो उद्भवावा यात नवल ते काय? शाळेविषयीचे समाधान हे नेहमी तौलनिक असते: माझ्या मुलाला जे मिळते ते मोठ्यांच्या मुलांना मिळते त्याच जातीचे आहे ना, ही शंका फिटल्याखेरीज ते पूर्ण होत नाही.

येथे एका जुन्या समजुतीचा निकाल लावून पुढे जाऊ. गरिबांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, ही ती समजूत. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोब’ अहवालासाठी उत्तरेकडील मागासलेल्या समजल्या जाणाऱ्या राज्यांत व हिमाचल प्रदेशात पाहणी झाली, तेव्हा मुलग्यांना शिक्षण द्यावे असे म्हणणारे पालक शेकडा 98 आणि मुलींसाठी तसे म्हणणारे शेकडा 89 निघाले. सारांश, इच्छेचा दुष्काळ नाही. जे नाही ते इच्छा पुरी होते आहे की नाही हे जाणण्याचे साधन.

हे साधन शाळेनेच पालकाच्या हातून कसे काढून घेतले, याचा एक प्रसंग सांगतो. शिक्षणहक्क कायदा 2010 साली अमलात आल्यावर आपल्या राज्यात पहिली ते आठवीच्या प्रगतिपुस्तकांतून गुणांची व क्रमांकांची जागा श्रेणींनी आणि वर्णनात्मक नोंदींनी घेतली. घोकंपट्टी आणि नापासाची दहशत कमी व्हावी हा त्यामागील हेतू सर्वथा योग्य होता. त्यानंतरच्या एका पालकसभेत एक ऊसतोडणी करणारी आई आपल्या मुलीचे प्रगतिपुस्तक घेऊन बाईंपुढे बसली होती. बाईंनी मोठ्या आपुलकीने तिला वाचून दाखविले: ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होते’, ‘परिसरातील घटकांचे निरीक्षण करते’, आणि पुढे ब-1, ब-2 अशा श्रेणी. ती माउली सारे शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “बाई, समदं खरं, पन तिला चिठ्ठी वाचाय येतीया का न्हाई?” बाई क्षणभर थांबल्या, कारण नोंदीच्या त्या छापील रकान्यांत या प्रश्नाचे उत्तर कोठेच नव्हते. त्या आईने खाली अंगठा उठविला, आणि ती उठून गेली. कार्यालयाच्या दृष्टीने पालकाची स्वाक्षरी झाली व सभा सफल झाली.

आता याच आईने पुढच्या वर्षी मुलीला फाट्यावरच्या इंग्रजी शाळेत घातले तर तिला दोष कोणी द्यावा? 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले, पुढे सेमी-इंग्रजीचे वर्ग निघाले, तरी गळ्यातला टाय, दारात येणारी पिवळी गाडी आणि रोजचा गृहपाठ यांची मोहिनी कमी झाली नाही. या मोहिनीचे मर्म केवळ इंग्रजीच्या प्रतिष्ठेत आहे असे मी मानीत नाही. मराठी शाळेतले मूल अडखळत वाचू लागले तर ते अडखळणे आईच्या कानाला कळते. इंग्रजी शाळेतले मूल चुकीचे घडाघडा बोलले तरी तिला ते विद्वत्तेसारखेच ऐकू येते. जेथे पडताळा शक्य नाही तेथे फीचा आकडा हाच पुरावा होऊन बसतो. अशी शाळा पालकाला एक प्रकारची हुंडी लिहून देते. ती वटेल की नाही हे मुदत भरल्यावर, म्हणजे दहावीच्या सुमारास कळते, आणि तोवर मुलाची दहा वर्षे व बापाची शेती खर्ची पडलेली असते. उलट मराठी शाळेवर जो असंतोष व्यक्त होतो तो पुष्कळदा तिथले न्यून दिसते म्हणून होतो. दिसणाऱ्या न्यूनावर रागावून न दिसणाऱ्या न्यूनावर संतुष्ट होणे, ही आजच्या पालकाची शोकांतिका आहे.

या स्थलांतराचा एक परिणाम अधिक गंभीर आहे. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले आहे की, एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला म्हणजे माणसापुढे दोन मार्ग असतात: सोडून जाणे किंवा तक्रार करणे, आणि गुणवत्तेविषयी जे सर्वांत जागरूक असतात तेच आधी सोडून जातात, त्यामुळे तक्रार करण्यास समर्थ असे कोणी मागे उरत नाही. शाळांचे उदाहरण त्याने स्वतःच घेतले आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत नेमके हेच घडले. सरपंचाचा, सोसायटीच्या चेअरमनचा आणि खुद्द गुरुजींचा मुलगा तालुक्याच्या शाळेत गेला; पट उतरला, शिक्षकांची पदे कमी झाली, एकेका शिक्षकावर चार इयत्ता आल्या. मागे राहिलेल्या मजुराच्या असमाधानाला आवाज नाही, आणि आवाज नसलेल्या असमाधानाची नोंद तपासणीच्या शेऱ्यात ‘पालकांचे सहकार्य चांगले’ अशी होते.

मग रुजवात घालायची कशी? भीमेकाठच्या एका गावी पाचवीच्या वर्गात पाहिलेली गोष्ट सांगतो. मुख्याध्यापकांचे प्रास्ताविक चालू असतानाच एका शेतकऱ्याने कोपरीच्या खिशातून घडी घातलेला सातबारा काढला आणि आपल्या लेकीपुढे धरला. मुलगी वाचू लागली: गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र 0.81 हेक्टर. ‘पोटखराब’ या शब्दाशी ती अडखळली, पण अक्षरे जुळवून तिने तो उच्चारला. ‘इतर अधिकार’ या रकान्यात विकास सोसायटीच्या बोज्याचा आकडा होता. तो तिने हजारापासून नीट वाचला. बापाला वाचता येत नव्हते, पण तो आकडा त्याला पाठ होता. “बरोबर हाय,” तो म्हणाला, आणि लगेच विचारता झाला, “मंग एकर किती?” गुरुजींनी फळ्यावर आर आणि गुंठे यांचे प्रमाण लिहून दिले, मुलीने हिशेब करून जवळजवळ ऐंशी गुंठे आणि म्हणून दोन एकर असे सांगितले, तेव्हा त्या गृहस्थाने आजूबाजूच्या पालकांकडे ज्या नजरेने पाहिले, तशी नजर मी कोणत्याही बक्षीससमारंभात पाहिलेली नाही. त्या निरक्षर माणसाने परीक्षकाचे काम चोख बजावले होते. कारण उत्तर त्याच्याजवळ आधीच होते.

‘असर’ या नावाने 2005 पासून होणाऱ्या पाहणीचे मला वाटणारे मोठे महत्त्व याच ठिकाणी आहे. त्या पाहणीतले स्वयंसेवक शाळेत न जाता मुलाच्या घरी जातात, आणि आई, आजी, शेजारी भोवती जमलेले असताना मुलापुढे वाचनाचा कागद ठेवतात. 2018 सालच्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. या आकड्याची चर्चा दिल्ली-मुंबईत पुष्कळ झाली. परंतु ज्या ओट्यावर तो कागद वाचला गेला, किंवा वाचता आला नाही, तेथे त्या क्षणी एका आईला आपल्या मुलाच्या शिक्षणाचे सत्य प्रथमच कळले, ही गोष्ट मला आकड्याहून मोठी वाटते.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो विद्वानांकडून येतो म्हणून त्याचा परामर्श घेतला पाहिजे. पालकाला पडताळता येईल तेवढेच शिकवायचे म्हटले तर शाळा पुन्हा पंतोजीच्या ओसरीवर जाईल, काव्य, विज्ञान, स्वतंत्र विचार यांना थारा राहणार नाही, असे ते म्हणतात. शाळेने पालकाच्या ज्ञानाबाहेर जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. तसे असते तर शाळेची गरजच काय? म्हणणे एवढेच की, दूरचा प्रवास विश्वासाने होतो आणि विश्वास जवळच्या मुक्कामावर मिळवावा लागतो. जी शाळा चिठ्ठी, बिल आणि सातबारा यांबाबत बापाची खात्री पटविते, तिने पुढे मुलीला आकाशातील ग्रह दाखविले किंवा नाटकात उभे केले, तर तो कुरकुर करीत नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम नेले, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत ते रुजविले, तेव्हा मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरे चरत त्या कुरणावर गेली. शाळा डोळ्यांसमोर भरू लागली, आणि आईबापांना ती आपली वाटू लागली.

कायद्याने आता पालकाला जागा दिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यात तरतूद आहे. पण प्रत्यक्षात काय होते? इतिवृत्ताची वही घरोघर फिरते, सह्या होतात, ठराव ‘सर्वानुमते’ मंजूर होतो, आणि चर्चा झालीच तर ती पोषण आहाराच्या तांदळावर व कुंपणाच्या भिंतीवर होते. हे विषय अनावश्यक नाहीत. परंतु तिसरीतील किती मुलांना वजाबाकी येते, हा विषय त्या वहीत शोधूनही सापडत नाही. पालकाला सभासद केले, परंतु ज्यावर मत द्यायचे ती वस्तूच त्याला दाखविली नाही, तर ते सभासदत्व मानाचे पान होऊन राहते.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत, आणि दोहोंनाही नवा निधी किंवा नवा शासननिर्णय लागत नाही. पहिली अशी की, प्रत्येक सत्राच्या अखेरीस शाळेने एक दिवस ठरवावा, त्या दिवशी प्रत्येक पालकाने आपल्या घरातला कोणताही एक कागद आणावा, मग ते विजेचे बिल असो, औषधाची चिठ्ठी असो, शिधापत्रिका असो की सावकाराची वही असो, आणि मुलाने तो पालकापुढे वाचून त्यावरचा हिशेब करून दाखवावा. ज्याला ते जमणार नाही त्याच्या पालकाला शिक्षकाने तिथल्या तिथे सांगावे की, हे अमुक दिवसांत आम्ही करून घेऊ. आणि पुढच्या सत्रात तोच कागद पुन्हा उघडावा. दुसरी सूचना तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना आहे: पालकांचे समाधान आहे काय, असा मोघम प्रश्न आपल्या अहवालातून काढून टाकावा, आणि त्याऐवजी पालकांनी या वर्षी कोणत्या तक्रारी नोंदविल्या व त्यांचे काय झाले, असे दोन रकाने ठेवावेत. ज्या शाळेची तक्रारवही कोरी आहे तिला शाबासकी देण्याऐवजी, तेथील पालकांना बोलण्याचे भय वाटते की बोलण्याचा कंटाळा आला आहे, हे आधी विचारावे.

असे केल्याने सुरुवातीला समाधान वाढणार नाही. बहुधा ते कमी होईल, कारण झाकलेले उघडे पडेल, आणि पहिल्या सभेत चार कडक शब्द गुरुजींना ऐकावे लागतील. ज्या शिक्षकाला आपल्या कामाविषयी खात्री आहे तो हे शब्द सहन करील, आणि ज्याला ती नाही त्याला ते ऐकणे अवश्यच आहे. शाळेने मिळवावे असे समाधान ते हेच, की ज्यात पालक प्रश्न विचारून, उत्तर तपासून, वेळप्रसंगी भांडून मग शाळेशी राहतो. त्याहून स्वस्त मिळणाऱ्या समाधानावर, मग ते सरकारी शाळेचे असो की खासगी, निदान शिक्षकांनी तरी भिस्त ठेवू नये, अशी माझी विनंती आहे.